परक्या जिवाची शुश्रूषा

उपजीविकेचे मार्ग पिढीगणिक बदलत असतात, हें कांहीं नवें नाहीं. परंतु अलीकडे कांहीं सुशिक्षित तरुणांच्या मनांत एक अशी इच्छा दिसूं लागली आहे, कीं जिची त्यांच्या आजोबांस कल्पनाही करितां आली नसती. जायबंदी झालेल्या रानांतील पशुपक्ष्यांची शुश्रूषा करावी आणि तिच्यावरच आपला चरितार्थ चालवावा, ही ती इच्छा होय. घरांतील वडील माणसें यावर दोन प्रश्न विचारतात. यांत पोट भरेल काय, हा पहिला. आणि माणसें औषधावांचून मरत असतां घारी-कोल्ह्यांची उस्तवार कशाला, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर थोडक्यांत देतां येतें: भरेल, पण बेताचेंच. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळांनीं पुष्कळ वेळां दिलें आहे, व ज्यास तें पटावयाचें नाहीं त्यास तें कधींच पटत नाहीं. सबब तो वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो तिसऱ्याच प्रश्नाचा. तो वडील माणसें विचारीत नाहींत आणि तरुणही विचारीत नाहींत. ज्या दयेच्या बळावर हा तरुण या व्यवसायांत पाऊल टाकूं पाहतो, ती दया त्या जनावराच्या कामाची आहे काय?

या व्यवसायाच्या दाराशीं उभा राहणारा प्रत्येक उमेदवार पहिलें वाक्य बहुधा हेंच बोलतो, कीं "मला लहानपणापासून प्राण्यांची फार आवड आहे." हें वाक्य खोटें नसतें, किंबहुना तें फार खरें असतें, आणि अडचण तीच आहे. घरचें कुत्रें शेपूट हालवीत येतें, मांजर पायांत घोटाळतें, गाय मान खाजवून घेण्यासाठीं पुढें करते. या देवघेवींतूनच आवड वाढत असते. आपण प्रेम देतों व त्याची पावती लगेच हातीं पडते. रानांतून आलेला रोगी असली पावती देत नाहीं. तो चावतो, ओरबाडतो, दिलेलें अन्न तुडवितो आणि कोपऱ्यांत तोंड घालून बसतो. चार दिवसांनीं तो आपणांस ओळखूं लागला, आपल्या पावलांच्या आवाजानें आनंदूं लागला, तर तो उपचाराचा विजय नसून पराजय होय. ज्या आवडीचें पोषण ओळखीवर झालें, तिनें अनोळखी राहण्यांत समाधान मानावें, हें मागणें लहान नव्हे.

सिद्धार्थ व देवदत्त यांच्या हंसाची कथा आपण सर्वांनीं शाळेंत वाचली आहे. देवदत्ताच्या बाणानें हंस पडला, सिद्धार्थानें बाण काढून त्यास उराशीं धरलें, आणि हंस कोणाचा हा तंटा दरबारांत गेला. मारणाऱ्याहून तारणाऱ्याचा अधिकार मोठा, असा निकाल लागला. बालमनास हा निकाल फार गोड वाटतो. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, कीं हंस कोणाचा तरी असलाच पाहिजे. भारताच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा निकाल फिरविला आहे. त्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून वन्य प्राणी पकडणें हीसुद्धां शिकारच; आणि असा प्राणी कोणाच्या ताब्यांत आला तर त्यानें ४८ तासांच्या आंत पोलिसांस किंवा अधिकृत अधिकाऱ्यास वर्दी दिली पाहिजे, कारण तो प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. सिद्धार्थास आज हंस उराशीं धरून प्रथम वनखात्याची कचेरी गांठावी लागली असती.

या रुक्षपणास हंसणें सोपें आहे; पण कायदा करणारांस मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे किती घरांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असतो! त्यांतील निम्म्या घरांत तरी अशी कथा सांगतात, कीं पिलूं घरट्यांतून पडलें होतें, म्हणून उचलून आणलें, मग त्याचा लळा लागला. देशी पोपट पाळणें हा गुन्हा आहे, हें त्या घरांतील कोणाच्या गांवींही नसतें. पोपट तारला गेला खरा, परंतु तारणाऱ्यानें आपली फी जन्मभराच्या कैदेच्या रूपानें वसूल करून घेतली. तेव्हां नवशिक्यानें पहिला धडा सरकारी कागदावरच शिकावा, हें एका अर्थीं योग्यच झालें. जो जीव आपण हातीं घेतों तो आपला नाहीं, हें त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलें असतें.

व्यवसायांत शिरण्याचे मार्ग तूर्त फार नाहींत. शस्त्रक्रिया व औषधयोजना करावयाची असेल तर पशुवैद्यकाची पदवी घेतली पाहिजे. तीस उमेदवारीच्या वर्षासह साडेपांच वर्षें लागतात. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें आहे, म्हणजे या विद्येची परंपरा आपल्याकडे लहान नाहीं. मात्र ती विद्या मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रें यांच्याभोंवतीं वाढली. घारीचा पंख अगर खवल्या मांजराचा आहार हीं प्रकरणें पदवीनंतर, जेथें असले रोगी येतात तेथें राहूनच शिकावीं लागतात. नागपुराजवळ गोरेवाडा, जुन्नरजवळ माणिकडोह, पुण्यास बावधन अशा ठिकाणीं वनखात्याच्या अधिकाराखालीं किंवा त्याच्या सहकार्यानें अशीं केंद्रें चालतात. ज्यास पदवी नको असेल त्यासही तेथें काम असतें. तें काम झाडूपासून सुरू होतें. पिंजरे धुणें, अन्न कापणें व तोलणें, उरलेलें पुन्हा तोलणें, विष्ठेचा रंग पाहून वहींत लिहिणें, हातमोजे उकळत्या पाण्यांत टाकणें. आणि या सर्वांच्या आधीं स्वतःस रेबीजची प्रतिबंधक लस टोंचून घेणें. वर्ष-सहा महिने हेंच चालतें. ज्यास पहिल्याच आठवड्यांत बिबट्याच्या पिलास दूध पाजावयाचें असतें, तो बहुधा दुसऱ्या आठवड्यांत दिसत नाहीं.

आतां त्या पिंजऱ्यांतील जीवाच्या बाजूनें पाहूं. रानांतल्या जनावरास धरणारा हात हा खाणाऱ्याचाच हात वाटतो. त्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवांत धरून सोडून देणारें कोणी झालेंच नाहीं. चितळ किंवा काळवीट धरलें असतां भीतीनें व धडपडीनें त्याचे स्नायू आंतल्या आंत नासतात आणि जखम किरकोळ असूनही तें कांहीं तासांनीं किंवा कांहीं दिवसांनीं मरतें. म्हणून जाणता शुश्रूषक प्रथम त्याचे डोळे झांकतो, अंधार करितो, आवाज बंद करितो आणि हात लावावयाचा तो एकदांच, सर्व तयारी करून, थोडा वेळ लावतो. आपल्या लोकांची रीत याच्या अगदीं उलट. पांचपन्नास माणसें भोंवतीं जमतात, कोणी पाठीवरून हात फिरवितो, कोणी "बाळा, भिऊं नको" म्हणून समजूत घालतो, आणि कोणी चोंच उघडून पाणी ओततो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या बुडाशींच असतें. वरून ओतलेलें पाणी सरळ फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. पाणी पाजणाऱ्यानें पुण्य जोडलें असें त्यास वाटतें, व पक्षी गुदमरतो.

असें अज्ञान शिक्षणानें जातें, आणि शिक्षणाची थोरवी अशा बारीक ठिकाणींच कळते. पक्ष्यांच्या पंखाचें खांद्याजवळचें हाड पोकळ असून तें श्वासाच्या पिशव्यांशीं जोडलेलें असतें. तें मोडून उघडें पडलें असतां, माणसाची जखम धुतात त्याप्रमाणें धडधडीत पाण्यानें धुवावयास गेलें, तर तें पाणी श्वासमार्गांत शिरूं शकतें. हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचें अंतःकरण कितीही कोमळ असो, त्याच्या हातीं घार देऊं नये. दयेस शरीरशास्त्राची जोड नसली म्हणजे ती कशी मारक होते, याची याहून रोखठोक साक्ष आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु अज्ञानाहून चिवट असा एक शत्रू आहे, आणि त्याची कथा भागवताच्या पांचव्या स्कंधांत येते. राज्य सोडून गंडकीच्या कांठीं तप करणाऱ्या भरत राजानें, सिंहाच्या गर्जनेनें घाबरून नदी ओलांडणाऱ्या हरिणीचें पाण्यांत पडलेलें पाडस उचललें. आई तर मेलीच होती. राजानें पाडस वाढविलें, त्याच्या लळ्यांत जप सुटला, तप सुटलें, आणि मरतांना चित्त त्याच्या ठायीं राहिल्यामुळें त्यास हरिणाचा जन्म घ्यावा लागला. हरिदासांनीं ही कथा शतकानुशतकें सांगितली आणि दर वेळीं श्रोत्यांनीं राजाच्या मोक्षाबद्दल हळहळ व्यक्त केली. आम्हांस एक शंका विचारावीशी वाटते. राजाचें काय झालें तें कळलें. पण पाडसाचें काय झालें? जें माणसाच्या मांडीवर वाढलें, ज्यास पारध्याची व तापसाची पावलें सारखींच वाटत, जें आपल्या जातीच्या कळपांत कधीं चरलें नाहीं, तें राजा मेल्यावर अरण्यांत किती दिवस जगलें असेल? कथा राजाची, म्हणून पुराणकारानें तिकडे पाहिलें नाहीं. शुश्रूषकास मात्र राजाकडे पाहण्याची सवड नसते; त्याची कथा पाडसाची असते.

पिलूं वाढविणाऱ्याच्या हातून घडणारी ही हानि शास्त्रज्ञांनीं आतां नीट अभ्यासिली आहे. अंड्यांतून निघाल्यानंतरच्या अगदीं थोड्या काळांत जो जीव समोर असेल त्यासच कांहीं पक्षी आपल्या जातीचा मानतात, हें कोनराड लॉरेन्झ यांनीं हंसबदकांच्या पिलांवरून दाखविलें. कॅलिफोर्नियाचें गिधाड १९८७ सालीं अवघें २७ उरलें व तीं सर्व पिंजऱ्यांत होतीं. त्यांचीं पिलें वाढवितांना शुश्रूषक हातावर गिधाडाच्या डोक्याचें चामड्याचें बाहुलें चढवून त्याच्या चोंचीनें घांस भरवीत, स्वतः पडद्याआड राहत. ज्यानें त्या पिलासाठीं रात्री जागविल्या त्याचें तोंडही पिलानें पाहूं नये, अशी ही योजना होती. भरतास हें साधलें असतें तर त्याचा मोक्ष व पाडसाचें रान दोन्ही वांचलीं असतीं.

मराठी तरुणाच्या मनांत या कामाचें जें चित्र असतें तें बहुधा हेमलकशाचें असतें, म्हणून त्याविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. १९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पोटासाठीं शिकार करणाऱ्या माडिया लोकांकडून, आई मारली गेलेलीं पिलें डॉ. प्रकाश आमटे यांनीं मागून घेतलीं व तीं वाढविलीं. बिबट्या आणि अस्वल यांच्यासह बसलेल्या त्यांच्या छायाचित्रांनीं हजारों मुलांस या मार्गाची ओढ लावली. त्या पिलांस परत पाठवावें असें स्थळ नव्हतें, आई नव्हती, आणि दुसरा पर्याय चुलीवरचें भांडें हाच होता. तेव्हां तेथें जें झालें तें त्या परिस्थितींत न्याय्यच झालें असें आम्ही मानतों. पण छायाचित्रांत ती परिस्थिति दिसत नाहीं, गळामिठी तेवढी दिसते. नवशिका ती गळामिठी पाहून येतो आणि तीच या व्यवसायाचें फळ समजतो.

तिचें उलट चित्र पाहावयाचें असल्यास ऊंसतोडीच्या दिवसांत जुन्नरकडे जावें. त्या भागांत बिबट्याची मादी उंसाच्या फडांतच वितें. तोडणी चालू असतां कोयत्याखालीं एकदम दोन-तीन पिलें निघतात. त्यांचे डोळेसुद्धां कधीं उघडलेले नसतात. पूर्वीं अशीं पिलें 'अनाथ' म्हणून नेलीं जात, आणि एकदां नेलीं कीं तीं जन्माचीं अनाथ होत. आतां वनखात्याचे लोक व पशुवैद्य पिलें तपासून, तीं धड असलीं तर संध्याकाळीं त्याच फडापाशीं एका क्रेटमध्यें ठेवतात, आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा लावतात आणि दूर निघून जातात. रात्रीं मादी येते, एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. कधीं पहिल्या रात्रीं येत नाहीं. मग दुसऱ्या रात्रीं पुन्हा तेंच. या साऱ्या खटाटोपांत शुश्रूषकाचा मुख्य पराक्रम कोणता? तर तो रात्रभर कांहीं करीत नाहीं. पिलें थंडींत कुईं कुईं करीत असतात, हा दूर अंधारांत बसलेला असतो, आणि जवळ जाऊन त्यांस पांघरूण घालण्याची जी उर्मि मनांत येते ती दाबून धरतो. ही उर्मि ज्यास येतच नाहीं तो या कामास नालायक. आणि ज्यास ती आवरत नाहीं तोही नालायक. उन्हाळ्यांत लोक पक्ष्यांचीं जीं पिलें 'पडलेलीं' म्हणून उचलून आणतात, त्यांतील पुष्कळ उडावयास शिकत असतात व आईबाप जवळच्या फांदीवर अन्न घेऊन बसलेले असतात. त्यांस जेथून आणलें तेथें परत नेऊन ठेवा, असें सांगणें हें या धंद्यांतील फार मोठें काम आहे, आणि त्याबद्दल कोणी आभार मानीत नाहीं.

येथवर दयेला आवर घालण्याचें झालें. आतां तिच्या पोटांतील एका विसंगतीकडे वळूं. शिबि राजाच्या कथेंत ससाण्यानें राजास जो सवाल केला तो विसरण्यासारखा नाहीं. कपोतास तूं अभय दिलेंस, पण माझा आहार तूं हिरावून घेतलास; हा कोणता धर्म? राजानें आपल्या मांडीचें मांस तोलून दिलें व प्रश्न सोडविला. आजच्या शुश्रूषकास तो मार्ग मोकळा नाहीं. जायबंदी घार आली म्हणजे तिला रोज मांस लागतें. घुबडास उंदीर लागतात. एक जीव वांचविण्यासाठीं कित्येक जीव कापून ताटलींत ठेवावे लागतात, आणि ते नवशिक्यानेंच कापावयाचे असतात.

दिल्लींत लाल किल्ल्यासमोर जैन मंदिराच्या आवारांत १९२९ सालीं स्थापन झालेलें पक्ष्यांचें धर्मार्थ रुग्णालय आहे. कबुतरें, चिमण्या, पोपट यांची तेथें एकनिष्ठेनें सेवा होते. शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात, पण त्यांस दाखल करून घेण्याचा प्रघात नाहीं. कारण दाखल केलें म्हणजे मांस घालणें आलें. याच दिल्लींत नदीम शहजाद व महंमद सऊद या बंधूंस, तरुणपणीं मिळालेली एक जखमी घार मांसाहारी म्हणून दाखल करून घेतली जाईना, असें आढळलें. आणि पुढें त्यांनीं आपल्या घराच्या तळघरांत, साबणाच्या यंत्रांच्या कारखान्याशेजारीं, घारींचें रुग्णालय उभें केलें. शरीर कमावण्याच्या छंदांतून त्यांस स्नायूंचें व कंडरांचें जें ज्ञान झालें होतें तें पहिल्यानें उपयोगीं पडलें, ही गोष्ट 'ऑल दॅट ब्रीद्स' या २०२२ सालच्या चित्रपटानें जगास सांगितली. पतंगाच्या मांजानें घारीच्या पंखाचा पुढचा पडदा व त्यांतली कंडरा कापली जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. मांजा मात्र अजून विकला जातो आणि घारी पडतच आहेत.

कांहीं लोक हीं दोन रुग्णालयें समोरासमोर उभीं करून पहिल्याची थट्टा करितात. आम्हांस ती थट्टा आवडत नाहीं. ससाण्याचा सवाल दोघांनींही ऐकला. एकानें स्वतःच्या हातांस रक्त लावून न घेण्याची मर्यादा घालून घेतली व ती उघडपणें सांगितली. दुसऱ्यानें रक्त हातांस लागेल हें कबूल करून घार आंत घेतली. दोन्हींत प्रामाणिकपणा आहे. अप्रामाणिक आहे तो घारीस पोळी आणि दूध भरवून शाकाहारी ठेवूं पाहणारा दयाळू गृहस्थ. तो स्वतःचें व्रतही पाळतो आणि घारही राखतो असें त्यास वाटतें, व घार उपासानें मरते. सृष्टींतील हिंसा ज्यास मान्य नाहीं त्यानें वन्य प्राण्यांच्या शुश्रूषेस हात घालूं नये, गोशाळेंत जावें. तेंही काम थोर आहे.

आणि आतां सर्वांत अवघड गांठ. जो रोगी बरा होणार नाहीं, त्याचें काय करावयाचें? याविषयीं आपल्या देशाचा संस्कार फार जुना व खोल आहे. १८३२ सालीं मुंबईंत सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्याचा सपाटा लावला, तेव्हां पारशी, जैन व हिंदू लोकांनीं शहर बंद पाडलें. आणि १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई आदि गृहस्थांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला. लंगडा बैल, आंधळी म्हैस यांस मरेपर्यंत चारा देणें हें आपल्याकडे स्वाभाविक धर्मकृत्य समजतात. म्हणूनच १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असाध्य वेदनांनीं तळमळणाऱ्या एका वासरास गांधीजींनीं डॉक्टरांकडून सुई टोंचवून मुक्त केलें, तेव्हां मोठें काहूर उठलें. ज्यानें अहिंसा शिकविली त्यानेंच गोहत्या केली, असें लोक म्हणाले. गांधीजींचें म्हणणें असें, कीं जेथें दुसरा कोणताही उपाय उरला नाहीं तेथें हें कृत्य अहिंसेचेंच होय.

आम्ही या वादांत गांधीजींच्या बाजूचे आहों. परंतु वासराचा न्याय घारीस जशाचा तसा लागू होत नाहीं. वासराचा प्रश्न वेदनेचा होता. घारीचा पुष्कळदां वेदनेचा नसतोच. जखम भरून येते, ती खाते, पिते, दिसावयास ठीक दिसते. फक्त पंख उघडत नाहीं. पांजरपोळांतल्या लंगड्या बैलाचे पाय गेलेले असतात, पण घर गेलेलें नसतें, कारण गोठा हेंच त्याचें घर होतें. पंख गेलेल्या घारीचें सारें आकाशच गेलें. तिला दहा-पंधरा वर्षें चार हातांच्या जाळींत ठेवणें ही दया, कीं आपल्या हातून मरण घडूं नये म्हणून तिच्याकडून आपण उकळलेली किंमत? शुश्रूषागृहांत अशा अपंगांची संख्या वाढत जाते, आणि ज्यास बरें करून सोडतां आलें असतें अशा नव्या रोग्यास पिंजरा उरत नाहीं, हाही त्यांतला हिशेब आहे. कायद्यानेंही येथें दार अगदीं बंद केलेलें नाहीं. बरें होण्यापलीकडे अपंग किंवा रोगग्रस्त झालेल्या प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकास देतां येते. पण ही परवानगी मागावयाची तर कोणीतरी "आतां पुरे" असा शेरा लिहून सही केली पाहिजे, आणि सही करावयास हात धजत नाहीं.

आमचें मत आम्ही स्पष्ट लिहितों. असह्य व न संपणारी वेदना असेल तेथें विलंब हा क्रूरपणा होय. वेदना नाहीं, पण सुटका नाहीं, अशा ठिकाणीं एकच कसोटी लावावी: तो जीव माणसाच्या सहवासांत भयावांचून दिवस काढूं शकतो काय? कांहीं घुबडें शकतात; इतकेंच नव्हे, तर तीं आपल्या जातीच्या अनाथ पिलांचीं दाई होतात, आणि पिलांस माणसाचें तोंड पाहावें लागत नाहीं. अशांस अवश्य ठेवावें. परंतु जो पक्षी मनुष्य दिसतांच रोज जाळीवर डोकें आपटून घेतो, त्यास जिवंत ठेवण्यांत दया कोणाची होते, हें ठेवणारानेंच स्वतःस विचारावें. याच्या उलट एक धोका आहे तोही सांगितला पाहिजे. सुईची संवय लागते. पैसा कमी, माणूस कमी, पिंजरा कमी, अशा दिवसांत 'असाध्य' हा शब्द फार लौकर सुचूं लागतो. म्हणून हा निर्णय एकट्यानें करूं नये, दमलेल्यानें करूं नये, आणि नवशिक्यानें तर करूंच नये. मात्र नवशिक्यानें त्या वेळीं बाहेर निघून जाऊं नये. जनावरास धरावयास कोणी तरी लागतें. जो सुटकेच्या दिवशीं टोपली उघडावयास पुढें होतो आणि या दिवशीं रजा मागतो, त्याच्या दयेचें माप आम्हांस पूर्ण वाटत नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं एक घार वांचविली काय अन् गेली काय, जातीच्या जाती नष्ट होत असतां या एकेका जिवाच्या मलमपट्टीस अर्थ काय? आक्षेप वजनदार आहे, व त्यास गिधाडांची हकीकत हें चांगलें उत्तर आहे, जरी तें सुखाचें नाहीं. १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत एकही धड उरलीं नाहींत. मान खालीं घालून बसलेलीं व मग झाडावरून कोसळणारीं गिधाडें लोकांनीं पाहिलीं, पण कारण कळेना. पाकिस्तानांत मेलेल्या गिधाडांचीं शवें एकेक करून फाडून पाहिलीं तेव्हां त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं व आंतल्या अवयवांवर खडूसारखें पांढरें पूट चढलेलें आढळलें, आणि २००४ सालीं कारण प्रसिद्ध झालें. तें होतें डायक्लोफिनॅक, म्हणजे म्हाताऱ्या व दुखणाईत गुरांस देण्यांत येणारें वेदनाशामक औषध. गुरूं मरे, गिधाडें तें खात, आणि मरत. भारत सरकारनें २००६ सालीं पशूंसाठीं या औषधाची बंदी केली. त्याऐवजीं गिधाडांस न बाधणारें मेलोक्सिकॅम सुचविण्यांत आलें.

या हकीकतींत खलपुरुष कोणीच नाहीं, हें पाहून आम्ही दर वेळीं थांबतों. शेतकऱ्यानें तें औषध गाईच्या कळवळ्यानें दिलें होतें. ज्या माणसास त्या गाईची दया आली त्याच दयेनें आकाश रिकामें केलें, आणि तें रिकामें कां झालें याचा पत्ता लागला तो कोणीतरी एकेका शवापाशीं बसून वजन, वय, मूत्रपिंडाची स्थिति लिहून ठेवली म्हणून. शुश्रूषागृहाच्या वहींत जी घार 'डावा पंख, मांजा, अमुक पेठ' अशी नोंदली जाते, तिचें मोल त्या एका घारीपुरतें नसतें. अशा शेंकडों ओळी एकत्र केल्या म्हणजे कोणत्या पेठेंत मांजा विकला जातो, कोणत्या वळणावर रात्रीं मोटारी तरसांस चिरडतात, कोणत्या उघड्या विहिरींत दर पावसाळ्यांत कोल्हा पडतो, हें कागदावर दिसूं लागतें. नवशिका या वहीस कंटाळतो. त्यास वाटतें, कीं आपण कारकुनी करावयास आलों नव्हतों. पण त्या वहींतील स्थळाचा रकाना कोरा राहिला, तर त्या विहिरीस कठडा बांधा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज कशाच्या आधारावर करणार?